पेस्ट्री शेफच्या पुस्तकातलं घरी कोण करून बघतं? (कोल्हापूर)

तिकटीवरची

भाचा हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर लागला आणि जाताना पेस्ट्रीचं एक जाडजूड पुस्तक माझ्याकडे ठेवून गेला. लिहिणारा शेफ फ्रान्समध्ये शिकलेला, मोठ्या हॉटेलांची किचनं चालवलेला, आणि लिहिलंय तेही त्याच्यासारख्यांसाठीच. मिरजकर तिकटीजवळ दोन खोल्यांत राहून २८ लिटरच्या ओटीजीवर हे करणारी बाई त्याच्या ध्यानीमनीही नसणार. तरी मी त्यातलं एकेक करत आले आहे. इथे केक-कुकीचे धागे ढिगाने आहेत, असल्या पुस्तकातून करणाऱ्यांचा मात्र दिसला नाही, म्हणून काढला.

पुस्तक उघडल्यावर छातीत धस्स होतं ते पदार्थांमुळे नाही, मांडणीमुळे. एका केकची कृती जेमतेम अर्धं पान. पण त्या अर्ध्या पानात जोकोंद स्पंजसाठी एका पानावर जा, प्रालिनेसाठी (कॅरॅमल आणि सुका मेवा वाटून केलेलं लगदा-मिश्रण) दुसऱ्या, ग्लेझसाठी तिसऱ्या, असं सगळं पुस्तक उलटंपालटं करायला लावलेलं. अंडी नगावर नाहीत. ‘बलक १६० ग्रॅम’ एवढंच. आपल्याकडच्या अंड्याचा बलक १६ ते १८ ग्रॅमचा, म्हणजे नऊ-दहा अंडी फोडायची आणि पांढऱ्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. जिलेटिनऐवजी ‘जिलेटिन मास’ लिहिलेलं असतं. ते म्हणजे जिलेटिन आणि त्याच्या पाचपट गार पाणी, भिजवून, वितळवून, गोठवून ठेवलेलं. पुस्तक ४२ ग्रॅम मास म्हणालं की त्यात ७ ग्रॅम जिलेटिन. (काही शेफ सहापट पाणी घेतात. पुस्तकाच्या मागच्या पानांत कुठेतरी प्रमाण दिलेलं असतं, ते आधी शोधा.)

माझं मत असं झालंय की ही पुस्तकं तुमच्या हातात कसब आहे असं धरून चालत नाहीत, ती तुमची खोली कशी आहे ते धरून चालतात. २० अंशांना थंड ठेवलेली खोली, पंख्याचा ओव्हन, ३५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम, माणूस उभा राहील एवढा फ्रीझर आणि भांडी घासायला दुसरं कुणीतरी. कसब करून करून येतं. खोली येत नाही. म्हणून कृती हातात घेतली की मी आधी हे बघते की यातलं काय माझ्याकडे नाही आणि ते नसल्यामुळे नेमकं काय बिघडेल. क्रीम २५ टक्क्यांचं असेल तर ते फेसाळणार नाही, तर मग फेसाळायची गरज नसलेली कृती घ्या. इतका साधा हिशेब.

त्या हिशेबाने पहिला पदार्थ कोणता, तर पॅरिस-ब्रेस्त. १९१० मध्ये लुई ड्युराँ या पेस्ट्रीवाल्याने पॅरिसजवळच्या मेझों-लाफित गावात तो केला. पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सायकल शर्यत १८९१ मध्ये सुरू झाली होती, तिच्यावरून हा चाकासारखा गोल आकार. शू पेस्ट्रीचं (भाजताना फुगून आत पोकळ होणारं पीठ) कडं, आडवं कापून मध्ये प्रालिने घातलेलं क्रीम, वर बदामाचे काप. त्यात जिलेटिन नाही, फ्रीझर नाही, चॉकलेट नाही, साचा नाही. एक ओटीजी आणि एक दमदार दंड पुरतो.

घरासाठी प्रमाण असं पडतं: पाणी ६० ग्रॅम, दूध ६० ग्रॅम, लोणी ५५, चिमूट मीठ, साखर अर्धा चमचा. हे उकळलं की ७५ ग्रॅम मैदा एकदम घालायचा आणि पातेल्याच्या बुडाला पापुद्रा धरेपर्यंत परतायचं. पाणी उडालं पाहिजे, इथे दोन मिनिटं जास्त गेली तरी बिघडत नाही. कोमट झाल्यावर फेटलेलं अंडं थोडं थोडं घालायचं. पुस्तक म्हणेल १२५ ग्रॅम. तुम्ही ११० वर थांबून बघा. उलथनं वर उचलल्यावर पीठ त्रिकोणी जिभेसारखं लोंबलं की बास. तुम्ही किती परतलं त्यावर अंडं किती मावेल ते ठरतं, त्यामुळे या एका ठिकाणी वजनकाट्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

हेझलनट इथे महाग आणि बहुतेक वेळा खवट. चंदगड-आजऱ्याकडचा काजू आणि त्यात तिसरा हिस्सा भाजलेले बदाम, असं मी घेते. नुसत्या काजूचं प्रालिने मिळमिळीत होतं, बदामाच्या सालीचा तुरटपणा हवा. साखर कोरडीच वितळवून चांगली तांबूस होऊ द्यायची, सुक्या मेव्यावर ओतायची, गार झाल्यावर मिक्सरला. आधी भुगा, मग ओलसर गोळा, मग अचानक तेल सुटून पातळ होतं. मध्ये मध्ये मिक्सर थांबवा, नाहीतर मोटर वास मारते.

क्रीमसाठी म्हशीचं दूध वापरते. कोल्हापुरात राहून वेगळं काय करणार! त्याचा स्निग्धांश ६ टक्क्यांच्या वर, युरोपातल्या कृती साडेतीन टक्क्यांच्या गाईच्या दुधावर बेतलेल्या. त्यामुळे पेस्ट्री क्रीम (दूध, बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअर शिजवून केलेलं) मुळातच दाट येतं, कॉर्नफ्लोअर थोडं हात राखून घाला.

सगळं एका दिवसात करायचं नाही. प्रालिने आठवडाभर आधी, पेस्ट्री क्रीम आदल्या रात्री, शू त्या सकाळी. हॉटेलातही असंच चालतं, म्हणून तर कृत्या पानोपानी विखुरलेल्या असतात.

आता तुम्ही कोण काय करता ते सांगा.

पांढरा_रस्सा

वाचनखूण साठवली. फोटो कुठायत?

विनोदी_बोका

एवढ्या लोण्यात आमच्या गल्लीचं जेवण होईल की ताई. कडं बनवायचंच तर जिलेबी काय वाईट?

तिकटीवरची

बोकोबा, जिलेबी महाद्वार रोडला गरम मिळते. पॅरिस-ब्रेस्त मिळत नाही, हाच प्रॉब्लेम आहे.

रात्रपाळी

माझी शू बाहेर काढल्यावर बसते. आत असताना फुटबॉल, बाहेर आली की चपाती. ओटीजी आहे, पंखा आहे पण चालू-बंद करता येतो. काय करावं?

खारीवाला

आमची बेकरी आहे, तिसरी पिढी. शू आम्ही करत नाही पण फुगणं आणि बसणं यातच आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. बसते याचा अर्थ भिंत वाळली नाही. आतली वाफ भिंतीला आतून ढकलत असते तोवर ती उभी. बाहेर काढलं की वाफेचं पाणी होतं, आधार गेला. रंग आला म्हणून काढू नका. रंग आल्यावर उष्णता १६०-१६५ वर आणा आणि अजून १५ मिनिटं ठेवा. शेवटी दारात लाकडी चमचा अडकवून पाच-सात मिनिटं वाफ जाऊ द्या. पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही, कोण मेलं तरी.

पंखा बंद ठेवा. छोट्या ओटीजीत तो एकाच बाजूने मारतो, त्या बाजूला कवच आधी धरतं आणि शू वाकडी फुटते. आणि ओव्हन थर्मामीटर घ्या. नॉबवर १९० लिहिलंय म्हणजे आत १९० आहे असं समजू नका, २०-२५ अंशांचा फरक मी स्वतः बघितलाय.

तिकटीवरची

खारीवाले दादा, मोलाचं सांगितलंत. जोडीला क्राकलँ करून बघा. लोणी, ब्राऊन शुगर, मैदा सम वजनात मळून दोन कागदांमध्ये दोन मिलिमीटर लाटायचं, गोठवायचं, चकत्या शूवर ठेवायच्या. भाजताना ती चकती वितळून शूवर सारखी पसरते, त्यामुळे फुगणं एकसारखं होतं आणि वरून कुरकुरीत. मी ब्राऊन शुगरऐवजी गुळाची पावडर घालते.

साखरपाक

धागा आवडला. रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. उंची दर ३०० मीटर वाढली की पाणी अंदाजे एक अंश आधी उकळतं. म्हणजे आपल्याकडे ते ९८ अंशांच्या आसपास उकळतं. साखरेच्या पाकालाही हाच नियम. इटालियन मेरँगसाठी (अंड्याच्या पांढऱ्यात गरम पाक ओतून फेटलेला फेस) पुस्तक ११८ अंश म्हणत असेल तर तो आकडा समुद्रकाठच्या हवेच्या दाबाचा. मुळात शेफला हवी असते पाकातल्या साखरेची तीव्रता, तापमान ही ती मोजायची पट्टी. आपल्याकडे ११६ लाच ती तीव्रता आलेली असते. ११८ पर्यंत गेलात तर पाक थोडा जास्त घट्ट होतो आणि अंड्यात ओतताना भांड्याच्या कडेला तारा धरतात.

उपाय सोपा. आपला थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवा. जो आकडा दिसेल तो १०० मधून वजा करा आणि तेवढे अंश पुस्तकातल्या पाकाच्या आकड्यातून कमी करा. यात उंचीचीही दुरुस्ती होते आणि थर्मामीटर चुकीचा असेल तर त्याचीही.

आपल्या आज्यांना यातलं काहीच लागत नव्हतं. वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, बोटांनी गोळी वळते का बघायचं. ही परीक्षा तीव्रतेचीच आहे, म्हणून ती कोल्हापुरातही खरी आणि मालवणातही. गोळीबंद पाक म्हणजेच इटालियन मेरँगच्या आसपासचा पाक. थर्मामीटर नसेल तर खुशाल वाटी घ्या.

कॅरॅमलला मात्र ही वजाबाकी लावू नका. १६०-१७० अंशांना पाणी जवळपास उरलेलंच नसतं, तिथे रंग आणि वास बघायचा.

रात्रपाळी

सर, हे कुठल्या पुस्तकात का लिहीत नाहीत!

साखरपाक

डोंगराळ भागातल्यांच्या बेकिंगच्या पुस्तकांत असतं. पॅरिस समुद्रसपाटीपासून फार वर नाही, तिथल्यांना गरज पडत नाही.

अंडंनको

आमच्या घरात अंडं नाही आणि जिलेटिन तर नाहीच, ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. मूस केक (फेटलेल्या क्रीमचा हलका थर असलेला) करायचाय. जिलेटिनच्या जागी चायना ग्रास घातलं तर चालतं असं सगळीकडे वाचते. चालतं का?

तिकटीवरची

जेलीत चालतं, मूसमध्ये नाही. चायना ग्रास म्हणजे आगर. ते उकळल्याशिवाय नीट विरघळत नाही आणि ४० अंशांच्या खाली आलं की धरायला लागतं. मूसमध्ये तुम्ही ते फेटलेल्या गार क्रीममध्ये घालणार. घातल्या घातल्या जागच्या जागी गाठी. शिवाय एकदा धरलं की ८५ अंशांपर्यंत पुन्हा वितळत नाही. जिलेटिन अंगाच्या उष्णतेला वितळतं, म्हणून मूस जिभेवर विरघळतो. आगरचा तुकडा तोंडात चावावाच लागतो.

तुमच्यासाठी पुस्तकातला दुसरा रस्ता घ्या: चॉकलेटनेच धरणारा मूस. कोको बटर गार झालं की स्वतःच घट्ट होतं. गरम क्रीममध्ये कूव्हर्चर (कोको बटर असलेलं खरं चॉकलेट) विरघळवायचं, त्यात गार क्रीम मिसळायचं, रात्रभर फ्रीजला ठेवायचं आणि सकाळी फेटायचं. शेफलोक याला फेटलेलं गनाश म्हणतात. ना अंडं, ना जिलेटिन. क्रीम मात्र डेअरीचं आणि निदान ३० टक्क्यांचं हवं. बाजारात बेकरीवाले वापरतात ते गोड नॉनडेअरी क्रीम यात घालू नका. त्यात वनस्पती तेलाची चरबी आणि साखर आधीच असते, सगळं गणित कोसळतं. आणि चॉकलेटही कंपाऊंड नको, त्यात कोको बटरच नसतं, म्हणजे धरणार कोण?

स्पंजसाठी अंडं नसलेला कुठलाही ओलसर केक चालतो. मूसच्या खाली झाकलाच जातो.

बावड्याची_माई

मेरँगसाठी काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटून बघ गं. माझ्या सुनेने केलं होतं, मला आधी विश्वासच बसेना. आटवून दाट करायचं, गार करायचं, मग फेटायचं. वास थोडा राहतो, लिंबू पिळलं की जातो.

उद्यमनगरी

मूस केकच्या रिंगा (बिनबुडाचे साचे) ऑनलाइन कशाला मागवतासा? उद्यमनगरात या की. ज्या गावात ऑइल इंजिनं बनली तिथे केकची रिंग बनंना होय! मी फॅब्रिकेशनमध्ये हाय, बायकोसाठी करून दिल्या. ३०४ ग्रेडचं स्टील, एक मिलिमीटर जाडीची पट्टी, आतला व्यास १६० आणि उंची ४५. पुस्तकातला मापाचा आकडा हाच असतोय बहुतेक. ऑर्डर देताना एवढं सांगा: वेल्ड आतल्या बाजूनं घासून बफ करून पाहिजे. आत खडबडीत राहिलं तर मूस तिथंच चिकटतोय. दोन्ही कडांची धार मोडून घ्या, हाताला लागत्यात. चौकोनी फ्रेम करणार असाल तर दोन्ही कर्ण मोजून घ्या, नाहीतर केक पतंगासारखा तिरका.

तिकटीवरची

हे फार उपयोगी पडणार आहे. कर्ण मोजायचा सल्ला कुठल्याच शेफने दिला नव्हता.

तांबड्या_मातीतला

मला मिलफई करायचाय. लेयरवाला. एप्रिलमध्ये मुलीचा वाढदिवस. होईल का?

खारीवाला

एप्रिलमध्ये? लोण्याची? भावा, मनापासून सांगतो, तारीख बदल नाहीतर पदार्थ बदल.

जरा सविस्तर सांगतो, कारण खारी आणि मिलफईचं पीठ म्हणजे सख्खी भावंडं. पिठाच्या घडीत चरबीची घडी ठेवायची, लाटायचं, तीन पदर घालायचे, परत लाटायचं. सहा वेळा तीन पदर घातले की चरबीचे ७२९ थर होतात. भट्टीत गेल्यावर पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि एकेक थर उचलते. अट एकच: चरबी थर म्हणून राहिली पाहिजे. पिठात जिरली की थर संपले, मग ती बिस्किटासारखी होते.

आम्ही खारीला लोणी घालत नाही, ते का, फक्त पैशाचा प्रश्न नाही. पफसाठी जी मार्गारिन येते ती चाळीसच्या आसपास वितळते. उन्हाळ्यात भट्टीशेजारी ३८ अंशांत सुद्धा तिचा थर टिकतो. म्हणूनच खाताना टाळूला चिकटते, तोंडात वितळत नाही ना. लोणी १४ ते १६ अंशांना हवं तसं वाकतं. त्याच्या खाली गेलं की तुकडे पडतात, २० च्या वर गेलं की पाझरतं. एप्रिलमध्ये कोल्हापुरात ओट्यावर लोणी किती मिनिटं राहील ते तूच सांग.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे कर. स्वयंपाकघर आपोआप पुस्तकातल्या खोलीसारखं होतं. कडप्प्याचा ओटा असेल तर बर्फाचा ट्रे त्यावर फिरवून ठेव, कोरडा पूस, मग लाट. दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रीज.

बावड्याची_माई

चिरोट्याला आपण साटा लावतो तो तुपात तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर फेसून. नुसतं तूप लावलं तर तेही पोळीत जिरतं. पिठामुळे ते जागेवर राहतं. तसं लोण्याला काही करता येत नाही का?

तिकटीवरची

माई, मी उठून उभी राहिले हे वाचून. पुस्तकात हेच आहे! उलटं पफ म्हणतात. लोण्यात त्याच्या साधारण ४० टक्के मैदा मळून त्याची लादी करायची, आणि ती लादी आत नाही, बाहेर. पिठाची घडी आत. मैदा मळल्यामुळे लोणी ओघळत नाही, लाटायला आटोक्यात राहतं आणि फुलल्यावर जास्त खुसखुशीत. मी हे आजवर फ्रेंचांची करामत समजत होते, साट्याशी त्याचं नातं लक्षातच आलं नव्हतं.

तरी एप्रिलला मी खारीवाल्यांच्याच बाजूने आहे. पीठ जानेवारीत करून लाटून फ्रीझरमध्ये ठेवा, घट्ट गुंडाळून. एप्रिलला फक्त भाजायचं. मुलीला सांगायची गरज नाही.

तांबड्या_मातीतला

हे जमतंय. मधलं क्रीम?

तिकटीवरची

पेस्ट्री क्रीमच, पण जमवून दोन तासांच्या आत खा, नाहीतर पापुद्रा ओला होतो. भाजताना पिठावर दुसरा ट्रे ठेवून दाब द्या. मिलफईला फार फुलणं नको असतं, सपाट आणि करकरीत हवं. शेवटची काही मिनिटं वर पिठीसाखर भुरभुरून काचेसारखी होऊ द्या. तो थर ओलावाही थोपवतो.

गूळवाला_नाही

गुळाचं एवढं मोठं गाव (२०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं) आणि धाग्यात गूळ एकदाच आला. पेस्ट्री क्रीममध्ये साखरेऐवजी गूळ घातला तर?

साखरपाक

गूळ आम्लधर्मी असतो आणि त्यात क्षारही असतात. गरम दुधात घातला की दूध फाटायची शक्यता, खिरीत सगळ्यांनी बघितलं असेल. कॉर्नफ्लोअर आणि बलक थोडं सांभाळून घेतात, पण भरवसा नाही. क्रीम निम्म्या साखरेत शिजवा, पूर्ण गार करा आणि मग काकवी फेटून घाला.

काकवीचा आणखी एक उपयोग. शेफ लोक कृतीत ट्रिमोलिन लिहितात. ती उलटवलेली साखर, म्हणजे सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे केलेले. ती ओलावा धरून ठेवते आणि साखरेचे खडे पडू देत नाही. उसाचा रस आटताना आम्लामुळे काही साखर अशी आपोआप फुटते, म्हणून काकवीत ती थोडीफार असतेच. गनाशमध्ये थोड्या प्रमाणात काकवी हेच काम करते. चव मात्र लपत नाही, डार्क चॉकलेटशी जुळते, पांढऱ्याशी अजिबात नाही.

तिकटीवरची

सरांना अनुमोदन. फक्त काळसर, रसायन न घातलेल्या गुळाची काकवी घ्या. पिवळाधमक दिसणारा गूळ बऱ्याचदा हायड्रॉस (रंग उजळवायचं रसायन) मारलेला असतो, त्याला एक गंधकाचा उग्र वास असतो आणि क्रीममध्ये तोच वर येतो.

घाटाखालचा

गगनबावड्याच्या खालून नमस्कार. पुस्तकात जिकडेतिकडे रास्पबेरी आणि पॅशनफ्रूट. आम्ही मे महिन्यात करवंदाचा गर काढून गोठवतो. आंबट, रंग जबरदस्त, आणि कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर असल्याने केकमधला जेलीचा थर चांगला धरतो. चीक येतो तेवढा धुऊन टाकायचा. हापूस आहेच, पण हापूसला आंबटाची जोड दिली नाही तर केक नुसता गोडगोड होतो. कोकमाचं आगळ थोडं घालून बघा.

तिकटीवरची

करवंदाची कल्पना फार आवडली. गराबद्दल एक: शेफ जे तयार गोठवलेले गर वापरतात त्यात बहुधा १० टक्के साखर आधीच असते. आपण घरचा गर घेतला तर ती वरून घालावी लागते, नाहीतर थर जास्त आंबट आणि बर्फासारखा कडक होतो. आणि अननस, पपई, किवी असेल तर गर उकळूनच जिलेटिनमध्ये घाला. कच्च्या गरातलं एन्झाइम जिलेटिन कापून टाकतं, रात्रभर ठेवलं तरी पाणीच राहतं.

रात्रपाळी

चकचकीत आरशासारखं ग्लेझ पावसाळ्यात करावं का?

तिकटीवरची

करू शकता, पण जुलैतल्या हवेत गोठलेल्या केकवर क्षणात दव धरतं आणि ग्लेझ घसरून खाली येतं. फ्रीझरमधून काढल्याबरोबर तळवा फिरवून वरचं हिम पुसा आणि लगेच ओता. ग्लेझ ३२ ते ३५ अंशांना. जास्त गरम असेल तर पातळ वाहून जातं, गार असेल तर जाड गोळे. पावसाळ्यात मेरँग, प्रालिनेची पत्री, कॅरॅमलच्या जाळ्या यांच्या नादी लागू नका, साखर हवेतलं पाणी ओढते, तासाभरात चिकट. आणि वीज जायची भीती असेल तर तीन दिवस फ्रीझरच्या जिवावर केक रचत बसू नका. पावसाळा शूचा. भाजा, भरा, खा.

बावड्याची_माई

अवांतर: आमच्या लहानपणी दिवाळीत नानकटाईचं पीठ घरून मळून बेकरीत न्यायचो. ट्रेवर आपणच थापायची, चिठ्ठी लावायची आणि रांगेत डबा घेऊन उभं राहायचं. खारीवाले, अजून देता का भाजून?

खारीवाला

दिवाळीत देतो माई. विटांची भट्टी आहे ती, पाव काढल्यावर रात्रभर हळूहळू उतरत जाते. तिकटीवरच्या ताई, मेरँग वाळवायला किंवा ट्रेभर काजू भाजायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. हिवाळ्यात या, ट्रे माझा वापरा.

तिकटीवरची

येते! नक्की येते.

विनोदी_बोका

बरं, मी पण करून बघतो म्हणतो. कूव्हर्चर कुठलं घेऊ? दर बघून घाम फुटला.

साखरपाक

२०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला होता. पश्चिम आफ्रिकेत पीक बुडालं होतं. त्या धक्क्याने चॉकलेट महागलं.

तिकटीवरची

बोकोबा, एकट्याने घेऊ नका. अडीच किलोची पिशवी घेतली तर किलोमागे स्वस्त पडते, चौघांत वाटून घेऊ. गोट्या असतात, हवाबंद डब्यात घालून घरातल्या थंड कोपऱ्यात राहतात. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवावंच लागलं तर डबा बाहेर काढून पूर्ण साध्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर ओलावा धरून साखर वर येते. मी, बोका, अजून दोघं कोण?

रात्रपाळी

मी. मिल्क की डार्क?

तिकटीवरची

डार्क, ५५ टक्क्यांच्या आसपासचं. गनाश, मूस, ग्लेझ सगळ्याला चालतं. मिल्क नंतर बघू.

अंडंनको

चौथी मी. डार्कमध्ये दुधाची पावडर नाही ना, ते पिशवीवर वाचून सांगाल का? सासूबाईंचा चातुर्मास आहे.

तिकटीवरची

सांगते. व्यनि (खासगी निरोप) करते सगळ्यांना.